मोसंबीवर शिकलेली सुई

माझी आत्या रोज दोनदा स्वतःच्या पोटाला सुई टोचून घेते. सकाळी न्याहारीआधी आणि रात्री जेवणाआधी, इन्सुलिनची. सहा वर्षं झाली. चष्मा लावते, आकडा बघते, पदर बाजूला करते, टोचते आणि भाकरी थापायला बसते. याच आत्याला मध्यंतरी एका दवाखान्यात ऐकून घ्यावं लागलं की, मावशी, सुई देणं तुमचं काम नाही, भलतीकडे टोचाल आणि पाय घालवून बसाल. तिने विचारलं होतं एवढंच, की ही बी-ट्वेल्व्हची सुई घरी घ्यायला मला शिकवता का?

आत्या जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीची. मराठा आरक्षणाच्या उपोषणांमुळे गावाची ओळख करून द्यायची गरज २०२३ पासून उरलेली नाही. गेल्या काही महिन्यांपासून तिच्या पायांना मुंग्या येत होत्या, रात्री तळवे जळायचे, अंधारात चालताना तोल जायचा. रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व्ह फारच कमी. कमी असणारच. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे अंडं-मटण घरात नाही. दुभत्या म्हशीचं दूध डेअरीला जातं, घरात राहतं ते चहापुरतं. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं चालू. ही गोळी बी-ट्वेल्व्हचं शोषण कमी करते, म्हणून अधूनमधून रक्त तपासून घ्या, असं तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

निदान बरोबर झालं, औषधही बरोबर लिहून मिळालं. आधी एक दिवसाआड सुई, मग आठवड्याला एक, पुढे महिन्याला एक. अडलं ते पुढे. दर सुईला गाडी धरायची, रांगेत बसायचं, टोचायचे वेगळे पैसे द्यायचे आणि परत यायचं. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस. कापूस वेचणीच्या दिवसांत बाईमाणसाचा अर्धा दिवस म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको. आत्याच्या तीन सुया चुकल्या. नसा दुखावल्या गेल्या की औषधाला उशीर करून चालत नाही. फार उशीर झाला तर मुंग्या कायमच्या राहतात. मला राग आला तो त्या चुकलेल्या तीन सुयांचा.

आता मी गडचिरोलीला जाणार, हे नेहमीच्या वाचकांनी ओळखलं असेल. जाणारच आहे, कारण गावातली साधी बाई सुई देऊ शकते याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत एक काम केलं. प्रत्येक गावातली एक बाई निवडली. शिक्षण पाचवी ते दहावीच्या दरम्यान. तिला नाव दिलं आरोग्यदूत. ती बाळंतिणीच्या घरी जायची, बाळाचं वजन करायची, श्वास मोजायची, ताप बघायची. जन्मलेल्या बाळाला व्हिटॅमिन केची सुई ती द्यायची. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची ठरावीक लक्षणं दिसली आणि आईवडील दवाखान्यात जायला तयार नसले, तर त्यांची संमती घेऊन जेंटामायसिनची सुईही तीच द्यायची. जेमतेम दोन-अडीच किलोचं बाळ, त्याची अंगठ्याएवढी मांडी, कुडाच्या घरातला उजेड, आणि सुई धरलेला हात सातवी शिकलेल्या बाईचा.

काय झालं? १९९९च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा हिशेब छापून आला. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहिलं तेव्हा, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सोळा-सतरा दगावत होती. आरोग्यदूत उपचार करू लागल्यावर तीनपेक्षाही कमी. हात अधू झाले नाहीत, पाय गेले नाहीत. बाळं जगली.

२०११ मध्ये केंद्र सरकारने बाळाची ही घरपोच काळजी आशाताईंमार्फत देशभर नेली. वजन घेतलं, ताप मोजणं घेतलं, घरभेटी घेतल्या. सुई मात्र आशाताईंच्या हाती दिली नाही. पुढे २०१४ मध्ये जेंटामायसिन द्यायची मुभा मिळाली, ती एएनएम सिस्टरांना. गावातल्या बाईने वजन करावं, नोंद ठेवावी, चालत जावं, निरोप पोचवावा. सुईला हात लावायचा नाही. मी हे वारंवार लिहिते म्हणून काही डॉक्टर मित्र माझ्यावर रागावतात. पण सुई न देण्याचं कारण मला कौशल्यात दिसत नाही, मानात दिसतं. आपल्याकडे सुई हे डॉक्टरकीचं चिन्ह होऊन बसलं आहे. गावात डॉक्टरची पारख कशी होते? ‘त्याच्या हाताला गुण आहे’ असं म्हणतात, आणि त्या हातात सुई असते. ती सुई गावातल्या बाईच्या हातात गेली तर गुण कुणाच्या हाताचा म्हणायचा?

म्हणून आत्याची गोष्ट मला गडचिरोलीच्या शेजारी ठेवावीशी वाटते. तिकडे परक्याचं, दोन दिवसांचं बाळ होतं. इकडे स्वतःची मांडी आहे. तिकडे मात्रा चुकली तर बाळाच्या मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकेल असं औषध होतं. इकडे जास्त झालं तर शरीर लघवीवाटे टाकून देईल असं व्हिटॅमिन आहे. तिकडे आजार ओळखायचाही आरोग्यदूत बाईनेच होता. इकडे तपासणी झालेली, मात्रा ठरलेली, कागदावर लिहिलेली. जे गडचिरोलीच्या झोपडीत तीस वर्षांपूर्वी जमलं, ते जालना जिल्ह्यातल्या पक्क्या घरात, रोज इन्सुलिन घेणाऱ्या बाईला जमणार नाही, असं म्हणणाऱ्याने कारण सांगावं.

डॉक्टरांचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. सुईने इजा होते. गळू होतं, नस दुखावते, क्वचित एखाद्याला औषधाची तीव्र रिअ‍ॅक्शन येते. म्हणून पहिल्या एक-दोन सुया दवाखान्यातच घ्याव्यात. म्हणून घरी घेताना कंबरेच्या खाली मागच्या बाजूला घेऊ नये, तिथून पायाची मोठी नस जाते, मांडीला घ्यावी. पण सुईमुळे झालेल्या मोठ्या अनर्थांची यादी काढली तर ते कुठे झाले? २००९ मध्ये गुजरातच्या मोडासात हिपॅटायटीस-बीची साथ आली, ती दवाखान्यांत वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊला, डझनावारी लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं आढळलं. बोट दाखवलं गेलं ते एकच सुई अनेकांना टोचत फिरणाऱ्या बोगस डॉक्टरकडे. घरात एका माणसाची एक सुई असते आणि ती एकदाच वापरली जाते. धोका हाताचा नसतो, उष्ट्या सुईचा असतो.

आणि इथे मला माझ्या जुन्या दुखण्यावर यावंच लागतं. सलाईन. अंतरवालीच्या मांडवात मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणांच्या दिवसांत सलाईनची बाटली साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली. अन्नपाणी सोडलेल्या माणसाला ती लागते, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच पट्ट्यात ऊसतोडीहून आलेला धडधाकट माणूस ‘अशक्तपणा वाटतोय’ म्हणून एक सलाईन आणि त्यात एक लाल सुई लावून घेतो आणि दिवसाची मजुरी देऊन घरी जातो. साध्या सलाईनच्या लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली लावली तर पंचवीस ग्रॅम साखर. एका ज्वारीच्या भाकरीची ताकद त्यात नाही. ती लाल सुई बहुतेक वेळा बी-ट्वेल्व्हचीच असते. रक्त न तपासता, कमतरता आहे की नाही हे न बघता दिलेली. ज्याला गरज नाही त्याला ती मागताक्षणी टोचतात, आणि जिला खरी गरज आहे तिला अर्धा दिवस रांगेत बसवतात.

बी-ट्वेल्व्हची कमतरता आपल्याकडे खरीच मोठी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. ६७ टक्के पुरुषांत हे व्हिटॅमिन कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. पण यातल्या प्रत्येकाला सुई लागत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. फक्त खाण्यातून कमी पडत असेल तर गोळी पुरते. एक हजार मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेतली तर तिचा साधारण एक टक्का भाग थेट आतड्यातून रक्तात उतरतो, आणि तेवढ्यावर भागतं. सुई लागते ती नसांवर परिणाम दिसू लागला असेल, जठराचं ऑपरेशन झालं असेल किंवा हे व्हिटॅमिन शोषण्यासाठी लागणारा घटकच जठरात बनत नसेल, अशांना. हा फरक दोन मिनिटांत सांगून होतो. सांगत कुणी नाही.

शेवटी मी काय केलं ते सांगते. आत्याच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं की घरी घ्यायला हरकत नाही. ओळखीच्या एका निवृत्त सिस्टरना मी विनंती केली आणि रविवारी त्यांना घेऊन अंतरवालीला गेले. सिस्टरनी आल्याआल्या मोसंबी मागितली. जालन्यात मोसंबीला काय तोटा. टोपलीच पुढे आली. कोऱ्या सिरिंजमध्ये पाणी भरून आत्याने मोसंबीला टोचायला सुरुवात केली. पहिल्या वेळी दबकत, हळूहळू सुई घातली, तर साल आत दबली आणि सुई सरकली. सिस्टर म्हणाल्या, “घाबरत घातली की जास्त दुखतं. कलम धरतात तशी धरा, सरळ, एका दमात.” दुसऱ्या मोसंबीला सुई सरळ गेली. तिसरीला आत्या स्वतःच मोठ्याने पायऱ्या म्हणू लागली.

इन्सुलिनची सुई केसासारखी, ही बघून ती म्हणाली, “ही तं दाभण हाय की गं!” सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरून तिच्याच मांडीवर ठेवला. गुडघ्यापासून खुब्यापर्यंत तीन भाग करायचे. मधला भाग, बाहेरची बाजू. हात साबणाने धुवायचे. तपकिरी काचेची कुपी उजेडात धरून तारीख वाचायची. औषध उजेडाने खराब होतं म्हणून ती काच तशी असते. टिचकी मारून वरचं औषध खाली आणायचं, मान कापसात धरून बाहेरच्या बाजूला मोडायची. औषध ओढायचं, हवा काढायची. स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि वाळू द्यायचा. मांडी सैल सोडायची, सुई सरळ आत, औषध सावकाश सोडायचं, सुई काढून कापूस दाबायचा. चोळायचं नाही.

कुंकवाच्या पाण्यासारखं ते लाल औषध आत्याने सिरिंजमध्ये ओढलं, खाटेवर बसली, लुगडं सारलं, डोळे उघडे ठेवून टोचलं. आम्ही तिघीही श्वास रोखून होतो. सुई बाहेर काढल्यावर ती म्हणाली, “झालं? येवढ्यासाठी मही तीन हप्त्यांची वेचणी घालवली?”

सिस्टरनी एक गोष्ट तिच्याकडून दोनदा वदवून घेतली. सुईला टोपण परत लावायचं नाही, लावताना बोटात घुसते. आणि सुई उकिरड्यावर जाणार नाही. त्या उकिरड्यावर पोरं अनवाणी फिरतात. झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात सुया तो तीन चतुर्थांश भरेपर्यंत ठेवायच्या आणि मग उपकेंद्रात नेऊन द्यायच्या. उपकेंद्रांनी ते डबे मुकाट घ्यावेत, यासाठी जिल्हा परिषदेने एक साधं परिपत्रक काढावं. घराघरांत इन्सुलिनच्या सुया वर्षानुवर्षं वापरल्या जात आहेत. त्या जातात कुठे, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

माझी मागणी छोटी आहे. दीर्घकाळ सुई लागणाऱ्या रुग्णाने ‘मला शिकवा’ म्हटलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याला अर्धा तास द्यावा. सोबत चार ओळींचा मराठी कागद द्यावा: ही सुई कशासाठी, कधीपर्यंत, कुठे टोचायची, काय झालं तर लगेच यायचं. इन्सुलिनसाठी आपण हे करतोच. बाकीच्या सुयांसाठी करायला कोणता नवा कायदा लागतो?

मंगळवारी आत्याचा फोन आला. दुसरी सुई तिने एकटीने घेतली होती. गल्लीत बातमी पसरली आणि शेजारची एक बाई कुपी घेऊनच दारात आली. अंगात ताकद नाही, मलाही लाल सुई दे म्हणाली. मला धसका बसला. मी विचारलं, “मग दिलीस?”

“काहून देऊ?” आत्या म्हणाली. “म्या तिला इचारलं, रक्त तपासलं का? तिनं नाही तपासलं. म्हणलं, आधी कागद आण. आन् मही सुई मी टोचते, तुही तू शिक. मोसंब्या हायेत घरात.”