किरायाच्या खोलीला खिडकी हवी

कामरगावसारख्या गावात किरायाने कोण राहतं? बदलून आलेली शिक्षिका, दवाखान्यातली परिचारिका, बँकेतला नवा कारकून, आजूबाजूच्या खेड्यांतून बारावीसाठी आलेली पोरं. कारंजा तालुक्यातल्या या मोठ्या गावाचं रोजचं काम यांच्यावर चालतं. यांच्या वाट्याला बहुधा येते ती दहा बाय बाराची, वर टिनं टाकलेली खोली.

एका भिंतीला शेगडी, दुसरीला पलंग, पलंगाखाली गव्हाची कोठी, दोरीवर कपडे. न्हाणीत भांडी घासायची नि तिथंच अंघोळही करायची. एवढ्यात संसार बसवायला माणसं शिकतात. जागेबद्दल त्यांची फारशी तक्रार नसते. जीव जातो तो हवेवाचून. एप्रिल-मेमध्ये टिनं तापली की दुपारी आत थांबवत नाही. टिनांवर ओलं बारदान टाकता येतं, रात्री बाज अंगणात काढता येते. पण अंगण घरमालकाचं, तेव्हा एकट्या राहणाऱ्या बाईनं बाज टाकायची कुठं? कूलर घ्यावा, तर बंद खोलीत तो दमट हवाच फिरवत राहतो. त्याला बाहेरची कोरडी हवा लागते, म्हणजे खिडकी लागते.

अशा बंद खोलीत गॅसचा धोका तर जिवावरचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साचतो, नेमका गाद्या घालून झोपतात तिथं. ज्यांचा स्वयंपाक आणि झोप एकाच खोलीत असते, त्यांनी रात्री रेग्युलेटर बंद केल्याशिवाय आडवं होऊ नये. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता आधी दार उघडावं.

सरकारी मापात तर ही खोली बसतच नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातलं घर किमान 25 चौरस मीटरचं धरलं आहे; दहा बाय बाराची खोली भरते जेमतेम 11. किरायाच्या परवडणाऱ्या घरांची योजना केंद्रानं 2020 साली आणली, पण ती शहरांसाठी. इकडे शिक्षक नि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना मुख्यालयी राहण्याची सक्ती आहेच. ते गावात राहतात असा ग्रामसभेचा ठराव असेल तरच घरभाडे भत्ता, असं 2019 मध्ये ग्रामविकास विभागानं ठरवलं. गुरुजी गावात राहतात का, हे ग्रामसभा विचारते. ते विचारायलाच हवं. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. पण ते कशा खोलीत राहतात, हेही तिनंच विचारायला हवं. राहण्याजोगी खोली मिळाली नाही, तर माणूस कारंज्याहून नाहीतर अमरावतीहून ये-जा करणार आणि शेवटच्या तासाला त्याचं लक्ष गाडीकडे असणार.

राष्ट्रीय इमारत संहिता कोरड्या-उष्ण भागात खोलीच्या क्षेत्रफळाच्या दहाव्या हिश्श्याएवढी उघडी जागा मागते. दहा बाय बाराच्या खोलीला म्हणजे तीन बाय चारची एक खिडकी. घरमालकाला हा खर्च जड नाही. किराया दरमहा मोजून घेताना एवढं देणं त्याचं कर्तव्य आहे. कामरगावच्या ग्रामसभेनं पुढच्या बैठकीत मुख्यालयाच्या ठरावासोबत हा विषयही घ्यावा आणि किरायाने द्यायच्या प्रत्येक खोलीला खिडकी असलीच पाहिजे, असा ठराव मंजूर करावा.