यंत्राला आपली बैठक शिकवा

अर्धांगवायू झालेल्यांना घरी जाऊन व्यायाम देणं हे माझं काम. मिरजेच्या आसपासच्या गावांत प्रत्येक घरी मी आधी विचारते, "मावशी, हात हलवत होता का?" मावशी म्हणतात, "हलवत होते की." सून म्हणते, "कुठलं काय, नुसत्या बसून असतात." दोघीही खरंच बोलत असतात. मावशींनी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केलेला असतो, पण हात हललेला नसतो.

हा न दिसणारा प्रयत्न आता टिपता येतो. मनगटावरचा सेन्सर गती मोजतो, कॅमेरा शरीराची ठेवण पाहतो आणि डोक्यावरचे इलेक्ट्रोड मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवतात. माणूस काय करतोय हे या तिन्हींची सांगड घालून ओळखायचं, असं हे तंत्र आहे.

तिन्ही का लागतात, ते रुग्णाजवळ बसलं की कळतं. चांगल्या हातानं लुळा हात उचलला, तरी सेन्सर 'हात हलला' अशीच नोंद करतो. लबाडी नव्हे, सवय असते ती. पण कॅमेऱ्याला ती दिसते. मेंदूच्या लहरी तर मायक्रोव्होल्टमध्ये मोजाव्या लागतात. पापणी लवली, दात आवळले तरी त्या झाकोळतात. तो गोंधळ कशामुळे झाला, हे चेहऱ्याच्या चित्रणावरून ताडता येतं.

हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतल्या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. 1965 मध्ये कोर्नहूबर आणि डेके यांनी दाखवलं, की स्वेच्छेनं केलेल्या हालचालीची चाहूल मेंदूत ती घडण्याआधीच लागते. 2021 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) इप्सीहँड या उपकरणाला परवानगी दिली. पक्षाघातानंतर हात हलवण्याचा रुग्णाचा मानस ते मेंदूच्या लहरींवरून ओळखतं आणि पंजाची उघडझाप करवतं. म्हणजे हे स्वप्नरंजन राहिलेलं नाही.

माझी काळजी वेगळी आहे. ही यंत्रं कोणाच्या हालचालींवर शिकतात? या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा एक माहितीसंच इटलीतल्या जिनोआ विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केला. त्यात 19 ते 48 वयाचे 30 जण, कमरेला स्मार्टफोन आणि सहा क्रिया: चालणं, जिना चढणं, जिना उतरणं, बसणं, उभं राहणं, आडवं होणं. माझ्या मावशी त्यात कुठंच नाहीत. त्या विळीवर भाजी चिरतात, उकिडवं बसून भांडी घासतात, वाकून केर काढतात, मांडी घालून जेवतात, भिंतीला धरून उठतात. गुडघे धरल्यामुळे शेवटच्या वीतभर अंतरात त्या जमिनीवर धपकन बसतात. हे बसणं कधी पाहिलंच नसेल, तर यंत्र त्याला पडणं समजू शकेल. असे खोटे इशारे चार वेळा वाजले की घरचे यंत्र बंद करून ठेवतील, आणि खरोखर पडण्याच्या दिवशी ते बंदच असेल.

म्हणून आपल्या फिजिओथेरपी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकत्र येऊन आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या, आपल्या घरांतल्या हालचाली नोंदवाव्यात. प्रयोगशाळेतल्या खुर्चीवर नव्हे. ओट्यापाशी, मोरीत, अंगणात. त्यात अर्धांगवायूचे रुग्णही हवेत.

मात्र मेंदूची नोंद ही नाडीच्या नोंदीसारखी सहज कुणाच्याही हाती देऊ नये. चिलीनं 2021 मध्ये मेंदूतल्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच नाही. तो करावा. रुग्णाला समजेल अशा मराठीत संमती घ्यावी, आणि उपचारासाठी घेतलेली नोंद विमा कंपनीकडे किंवा मालकाकडे जाता कामा नये.

मावशींचा प्रयत्न यंत्रानं ओळखावा, ही माझी मागणी आहे. त्यासाठी आधी त्यांचं बसणं-उठणं नोंदवायला हवं, आणि ते काम परदेशातलं कुणी येऊन करणार नाही. ते आपल्यालाच करायचं आहे.