फोड छोटा, गेम मोठा!

सोमवारी प्रेझेंटेशन आणि रविवारी रात्री ओठाच्या कडेला चुरचुर सुरू. सकाळी आरशात बघावं, तर पाणी भरलेल्या बारीक फोडांचा घोळका हजर! ऑफिसात कुणीतरी ‘हर्पिस’ म्हणतं आणि दोन खुर्च्या हळूच मागे सरकतात.

बॉस, रिलॅक्स! ओठावर उगवणारा हा बहुतेक वेळा हर्पिस सिम्प्लेक्स-1. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अंदाजानुसार, पन्नाशीच्या आतल्या सुमारे 380 कोटी लोकांच्या अंगात तो आहे. खुर्ची सरकवणाऱ्यांच्याही असण्याची शक्यता दाट.

पण हा टिकतो कसा? एरवी व्हायरस घुसला की पेशी चक्क आत्महत्या करते. याला म्हणतात ॲपॉप्टॉसिस. 1972 मध्ये शास्त्रज्ञांनी दिलेलं हे नाव ग्रीक भाषेतल्या पानगळीवरून आलंय. पेशी मेली की व्हायरसचा कारखानाही बंद.

हर्पिसचा फंडा मात्र डबल आहे. त्वचेच्या पेशीत तो हे आत्महत्येचं बटणच जाम करतो, कारण तिथे त्याला स्वतःच्या कॉप्या काढायच्या असतात. डेंड्रिटिक पेशी म्हणजे आपले खबरी, घुसखोराची ओळख टी-पेशींना पटवणारे. त्यांच्यात शिरला की उलटा खेळ. त्यांना तगवणारं प्रथिन घटतं आणि खबरीच मरतो. लागण झालेल्या टी-पेशी तर आपल्याच साथीदारांना मारू लागतात!

तरी फौज संपत नाही. आठ-दहा दिवसांत फोड सुकतो, व्हायरस मज्जातंतूच्या गाठीत जाऊन झोपतो. तिथे टी-पेशी पहारा देतात, पण मज्जापेशीला मारत नाहीत. ती गेली तर नवी कुठून आणायची? टेन्शन, ताप, कडक ऊन झालं की मात्र स्वारी पुन्हा जागी.

म्हणून चुरचुर सुरू होताच डॉक्टरांना गाठा, औषध लवकर घेतलं तरच खरा फायदा. फोडाला हात लागला तर धुवा, तोच डोळ्याला नको. लिपस्टिक शेअर करू नका. आणि मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला जाणार असाल, तर पापा अजिबात नाही. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची असते, हाच व्हायरस त्याच्या जिवावर बेतू शकतो.

बाळाला लांबूनच टाटा करा. ऑफिसातली खुर्ची मात्र खुशाल जवळ ओढा!