पायलट यशस्वी झाला म्हणजे नक्की काय झालं?

मंडळी, आयटीत चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, आजवर एखादा ट्रेनिंगचा पायलट फेल गेलेला पाहिलाय का? मी तरी नाही पाहिला. प्रॉडक्शनमध्ये कोड आपटतो, सर्व्हर झोपतो, पण ट्रेनिंगचा पायलट मात्र कायम 'सक्सेसफुल'! वीस जण हौसेने नाव देतात, कंपनीतला सगळ्यात चांगला ट्रेनर येतो, रिलीज नसलेला निवांत आठवडा निवडतात. शेवटी फीडबॅक फॉर्म आणि समोसे. सरासरी ४.६. चला, आता करा सगळ्यांसाठी लाँच!

माझं स्पष्ट मत आहे की हा पायलट नसतो, हा साखरपुडा असतो. लग्न आधीच ठरलेलं असतं, फक्त फोटो काढायचे बाकी असतात.

खरा पायलट कसा असतो ते बघायला अमेरिकेत जायची गरज नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत तो करून दाखवलाय. प्रश्न साधा होता: थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बाईला शिकवलं, तर ती घरोघरी जाऊन नवजात बाळं वाचवू शकेल का? त्यांनी ३९ गावं कामासाठी घेतली आणि ४७ गावं नुसती तुलनेसाठी ठेवली. १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षं फक्त मोजणी केली. बाळं किती जन्मली, किती गेली. मग १९९५ पासून ही नवी सेवा घरोघरी सुरू. शिकवणं एका दमात उरकलं नाही, टप्प्याटप्प्याने चाललं. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात जाऊन त्या बाईच्या नोंदी तपासायचे आणि चुकलेलं दुरुस्त करून द्यायचे. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला होता. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तरीही लगेच देशभर लाँच नाही. महाराष्ट्रात आणखी ७ ठिकाणी दुसऱ्या संस्थांकडून तेच करून घेतलं, म्हणजे जादू बंगांच्या हातात आहे की पद्धतीत, ते कळावं.

२०११ मध्ये ही पद्धत आशा स्वयंसेविकांमार्फत सरकारी कार्यक्रम म्हणून देशभर गेली. चांगलंच झालं. पण लाँच करताना नेमकं काय पुढे जातं ते बघा. पुस्तिका जाते, वीस दिवसांचं प्रशिक्षण जातं. ट्रेनर राज्याचा, मग जिल्ह्याचा, मग तालुक्याचा, असं पाणी खाली येता येता पातळ होतं. दर पंधरा दिवसांनी येऊन चूक दुरुस्त करणारा माणूस मात्र तेवढ्या ताकदीने पुढे जात नाही, कारण तो पुस्तिकेत छापता येत नाही!

आता हाच कार्यक्रम बीड जिल्ह्यात आणून बघा. नियम असा की बाळ दवाखान्यात जन्मलं तर ४२ दिवसांत आशाताईने घरी सहा भेटी द्यायच्या, घरी जन्मलं तर सात. पण धारूर, वडवणी, पाटोद्याकडची कित्येक घरं दसरा-दिवाळीनंतर कुलूपबंद असतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुक्काम पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. बाई सहा महिन्यांची पोटुशी असताना गेली, तर बाळ जन्मणार कारखान्याच्या पट्ट्यात, पाचटाच्या खोपीत. गावची आशाताई कितीही हुशार असू दे, ती भेट देणार कुठे? तिकडच्या आशाताईकडे तिच्या गावची घरं, त्यात ही टोली बहुधा नाहीच. आज या फडात तर उद्या त्या फडात. दोघींचंही प्रशिक्षण चोख, आणि बाळाकडे कुणीच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की बीडमध्ये पायलट करायचा तर तो डिसेंबरमध्ये करा. जूनमध्ये सगळे गावात असतात, तेव्हा कुठलाही पायलट पास होईल. आणि तो एका टोकाला नको. गावाकडची आशाताई आणि कारखान्याकडची आशाताई, दोघींना एकत्र शिकवा. पोटुशी बाई निघाली की निरोप कसा पोचवायचा, इथपासून सुरुवात करा.

यावर मॅनेजर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, "अरे, इतक्या अवघड जागी केलं तर फेल जाईल, मग बजेटच मिळणार नाही." अहो, गडचिरोली काय सोपी जागा होती? जंगल, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, दवाखाना लांब. अवघड जागी केलं म्हणूनच त्या निकालाला वजन आलं. पण प्रत्येक जागेची अडचण वेगळी असते. गडचिरोलीत दवाखाना लांब, बीडमध्ये अख्खं घरच लांब गेलेलं.

आणि हो, बीडच्या आष्टी-पाटोद्याला लागूनच जामखेड आहे. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या. त्या शिकायला दर आठवड्याला जामखेडला यायच्या. आधी गावांत नर्सबाई ठेवून पाहिल्या होत्या, ते जमलं नाही, मग रस्ता बदलला. पायलट म्हणतात तो याला! 'हे जमलं नाही' असं म्हणायची सोय असलेला.

तेव्हा पुढच्या वेळी ऑफिसात ट्रेनिंगच्या पायलटचा मेल आला की तीन प्रश्न विचारा. सगळ्यात वाईट महिन्यात घेताय का? शिकवणारा रोजचाच आहे का? आणि कुठला आकडा आला तर तुम्ही हे थांबवणार आहात? तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर समोसे खा आणि जागेवर जाऊन बसा. आपल्याकडे फार तर एक दुपार वाया जाईल. उसाच्या फडात मात्र तेवढी सवलत नसते.

पटतंय का बघा. नसेल पटत तर भांडायला मी आहेच.