नववा अवतार आणि बोधगयेचा वाद

वैशाखी पौर्णिमेला पंचांग उघडले म्हणजे एकाच तिथीसमोर तीन नोंदी आढळतात: बुद्धपौर्णिमा, कूर्मजयंती आणि वैशाखस्नानसमाप्ती. चैत्री पौर्णिमेपासून चाललेल्या स्नानाची आज सांगता होते, उदककुंभाचे दान दिले जाते, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ध्यानस्थ बुद्धाचे चित्र दिसताच हात आपोआप जोडले जातात. दशावतारांतील नववा तो, ही आपल्या घरांतील लहानपणापासूनची समजूत. त्या नमस्कारात खोट नाही. तथापि ज्यांचा तो शास्ता, त्या बौद्ध बांधवांना हाच नमस्कार पुष्कळदा बोचतो. तो का बोचतो, याचा विचार करण्याची वेळ बोधगयेच्या वादाने आपल्यावर आणली आहे.

वाद थोडक्यात असा. गौतमाला जेथे बोधी प्राप्त झाली, तेथील महाबोधी मंदिराचा कारभार १९४९ च्या बिहार सरकारच्या कायद्याने चालतो. व्यवस्थापन समितीत चार सभासद बौद्ध व चार हिंदू, आणि अध्यक्षस्थानी गयेचे जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी हिंदू नसतील तर तेवढ्या काळापुरता हिंदू अध्यक्ष नेमावा, असेही मूळ कायद्यात होते. ती अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली. हा कायदाच रद्द करून मंदिर बौद्धांच्या हाती द्यावे, या मागणीसाठी १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्षूंनी तेथे उपोषण आरंभिले, आणि त्याचे पडसाद महाराष्ट्रात गावोगावच्या मोर्च्यांतून उमटले. मागणी आजची नव्हे. सिंहलद्वीपाचे अनागारिक धर्मपाल १८९१ साली बोधगयेस आले तेव्हापासूनची ती आहे, आणि १९९२ नंतरच्या आंदोलनाचे नेतृत्व तर नागपूरच्या भदंत सुरई ससाई यांनी केले होते.

प्रश्न बिहारचा खरा. परंतु तो समजून घेण्यास आपल्या मावळाइतकी चांगली जागा नाही, असे आम्हांस वाटते. मुळशी तालुक्यातील कोळवणचे खोरे घ्या. भाताची खाचरे, पंढरीची वारी करणारी घरे, आणि अलीकडच्या काळात उभा राहिलेला चिन्मय मिशनचा ‘चिन्मय विभूती’ हा आश्रम. ज्या स्वामी चिन्मयानंदांचे नाव तो आश्रम धारण करतो, त्यांनी आपला पहिला ज्ञानयज्ञ १९५१ च्या अखेरीस पुण्यातच मांडला होता. या खोऱ्यातून उत्तरेकडे तिकोन्याच्या बाजूने डोंगर ओलांडला की पवन मावळ लागते, आणि तेथून पुढे बेडसे, भाजे व कार्ले ही लेणी. म्हणजे वेदान्ताचे आजचे एक पीठ आणि बौद्धांचे दोन सहस्र वर्षांपूर्वीचे विहार एकाच डोंगररांगेच्या दोन अंगांना आहेत.

त्या लेण्यांतील कोरीव लेख वाचले म्हणजे आपल्या पूर्वजांची मने किती ऐसपैस होती ते कळते. बेडशाला नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राचे दान आहे, आणि तेथील एका लेखात सामडिनिका नावाची महारठिनी येते. महाराष्ट्र हे नाव उच्चारताना या शब्दाची आठवण ठेवावी. कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण करविले, आणि त्यातील खांब देणाऱ्यांत धेनुकाकटाचे कित्येक यवन आहेत. परदेशी वंशाचे लोक येथे येऊन एका भारतीय धर्माला दान देत होते आणि दगडावर स्वतःस यवन म्हणवून घेण्यात त्यांना संकोच नव्हता.

सर्वांत बोलका आहे तो नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या लेखात तो सांगतो की त्याने तीन लक्ष गाई दिल्या, देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे दिली, वर्षभर लक्ष ब्राह्मणांना भोजन घातले. तोच उषवदात कार्ल्याच्या भिक्षुसंघाला करजिक नावाचे गाव देतो, आणि तेही पावसाळ्यात तेथे राहणाऱ्या, चारी दिशांच्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी. तो वर्षावास आषाढी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो. आपली गुरुपौर्णिमा आणि चातुर्मास त्याच दिवसांतले. गौतमी बलश्रीचेही तसेच. पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला ती ‘एकब्राह्मण’ म्हणून गौरविते आणि त्याच लेखात नाशिकचे लेणे भद्रायणीय भिक्षूंना अर्पण करते.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की उषवदाताने भिक्षूंना ब्राह्मण ठरविले नाही, की बलश्रीने बुद्धाला आपल्या कुलदेवतांत बसविले नाही. ज्याला जे द्यावयाचे ते त्याच्या नावाने दिले. अवताराची कल्पना पुढची, आणि ती एकसुरीही नाही. विष्णुपुराणातील मायामोह आणि भागवतातील बुद्ध हे देवशत्रूंना भुलविण्यासाठी येतात. उलट जयदेव गीतगोविंदात त्याच बुद्धाला यज्ञातील पशुहिंसेची करुणा आली म्हणून वंदन करतो. महाराष्ट्राने तिसरीच वाट काढली. आपल्याकडील जुन्या पंचांगांवर व दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी कटीवर कर ठेवलेला विठ्ठल उभा असतो, आणि संतांनीही विठ्ठलाला बौद्धरूप म्हटले. हे प्रेमाचे बोलणे आहे यात शंका नाही. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला, म्हणजे तुकोबांच्या देहूच्या उंबरठ्यावरच, ब्रह्मदेशातून आलेली बुद्धमूर्ती स्थापिली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्ट नाकारले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या मंदिराच्या पायरीपलीकडे येऊ दिले नाही, त्याने नवा शास्ता पत्करताच ‘तो तर आमचाच’ असे म्हणणे त्याला प्रेम कसे वाटावे?

आणि तो आमचाच, असे म्हणताना त्याने काय सांगितले हे आपल्या किती घरांत ठाऊक असते? दुःख आहे, तृष्णा हे त्याचे कारण आहे, तृष्णेच्या निरोधाने त्याचा निरोध होतो आणि त्या निरोधाचा मार्ग आठ अंगांचा आहे, ही चार आर्यसत्ये. गृहस्थाला पंचशील. इथवर कोणाही कीर्तनकाराची मान डोलेल. खरी फारकत पुढे आहे. बुद्धाने नित्य आत्मा मानला नाही. दिव्याची ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच नव्हे आणि वेगळीही नव्हे. तसाच हा संतानप्रवाह, असे मिलिंदप्रश्नात नागसेन यवनराजाला समजावतो. आश्रमात बसून ‘अहं ब्रह्मास्मि’चे श्रवण करणाऱ्या साधकाला हे मान्य होणारे नाही, आणि होऊ नयेही. पण आपल्या आचार्यांनी हा भेद झाकला नाही. गौडपादांच्या माण्डूक्यकारिकांतील अलातशान्ति प्रकरणात बौद्धांची परिभाषा ठायीठायी आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात बौद्धमते आधी पूर्वपक्ष म्हणून मांडली, मग खंडिली. आणि त्यांनाच पुढे विरोधकांनी प्रच्छन्न बौद्ध म्हणून हिणविले. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने मांडले असते तसे मांडावे, हा शास्त्रार्थाचा नियम होता. नववा अवतार म्हणून नमस्कार करून आपण पूर्वपक्षच ऐकावयाचे टाळतो, अशी आम्हांस भीती वाटते.

मराठी घरांतील एकाने मात्र तो ऐकला होता. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी तरुणपणी घर सोडून सिंहलद्वीप गाठले, तेथे पाली शिकले, आणि परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती भाषा शिकविली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा त्याच निर्णयात पालीलाही मिळाला. आपल्याकडे पेढे वाटले गेले ते मराठीपुरते.

आता बोधगयेकडे वळू. हिंदूंच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. ओसाड पडलेल्या त्या स्थानी सोळाव्या शतकाच्या अखेरीस गिरी संप्रदायाचे शैव महंत येऊन राहिले. त्यांनी कोणा बौद्धाच्या हातून ते हिसकावून घेतले नव्हते. दुसरी गोष्ट, गयेच्या श्राद्धविधीत बोधिवृक्षालाही स्थान आहे. महाराष्ट्रातून गयावर्जनास जाणारी कुटुंबे तेथे जातात, आणि त्यांचा भाव पोकळ नाही. परंतु दर्शनाचा व पिंडदानाचा अधिकार निराळा आणि मंदिराच्या कारभाराचा निराळा. पहिला जपावा, कायदा बदलताना तो स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा. दुसऱ्याचा आग्रह आपण धरू नये, असे आमचे मत झाले आहे.

पंढरपूरचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९७३ चा कायदा झाला, बडवे-उत्पातांचा वाद न्यायालयांत चार दशके चालला आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात मिटला. सारा तंटा हिंदूंतच असूनही वारकऱ्यांची मने किती कळवळली! त्या समितीत निम्मे सभासद अन्यधर्मीय असावेत असा कायदा कोणी आणला असता तर आपण काय केले असते? ‘त्यांनाही विठ्ठल पूज्य आहे’ एवढ्या उत्तराने आपले समाधान झाले असते काय?

२०२५ च्या जुलैत पिप्रहवा येथील बुद्धाच्या अस्थींसोबतची रत्ने हाँगकाँगच्या लिलावातून सुटून भारतात परत आली, तेव्हा साऱ्या देशाने त्याचा अभिमान मिरविला. पण तो वारसा जिवंत ठेवणारे लोक जो प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर शासनाने अद्याप कायद्यावर सोडले आहे आणि कायद्याने न्यायालयांवर.

कार्ल्याचा डोंगर चढणाऱ्यांना आम्ही एवढेच सुचवू. चैत्री यात्रेत कोळी बांधव आणि इतर कित्येक कुळे तेथे एकवीरेच्या दर्शनास जातात. देवीचे मंदिर चैत्यगृहाच्या दारापाशीच आहे. दोहोंचे अंगण एक. ओटी भरून झाली की बहुतेकजण तसेच पायऱ्या उतरू लागतात. पुढच्या वेळी घटकाभर थांबून आत जावे. वर लाकडी कमानी आहेत, खांबांवर यवनांची नावे आहेत आणि टोकाला स्तूप आहे. त्यावर बुद्धाची मूर्ती नाही.