बाळाचे रडणे आणि मोबाईलचे उत्तर

रात्री बाळ रडू लागले की चाळीसगावातली तरुण आईही आता सासूबाईंना उठवण्याआधी चॅटजीपीटीला विचारू लागली आहे. विचारू दे. लसींचे वेळापत्रक, सहा महिने फक्त आईचे दूध, हे तिथे नीट कळते; मध चाटवण्याचा आग्रह असलेल्या घरात तर तिला बोलायला बळ मिळते. पण आपण लिहू तेवढेच यंत्राला कळते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांतला जंतुसंसर्ग घरीच ओळखायला साध्या खुणा वापरल्या: आधी नीट दूध ओढणारे बाळ आता कमी ओढते, रडणे क्षीण झाले. हे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे देशभर आशाताई पहिल्या ४२ दिवसांत बाळ बघायला घरी येऊ लागल्या. त्या खुणांमधले ‘आधी’ आणि ‘आता’ ठाऊक असते ते बाळाला रात्रंदिवस मांडीवर घेणाऱ्या बाईला.

म्हणून बाळ मलूल वाटले, तर मोबाईल ‘काळजी नको’ म्हणाला तरी थांबू नका. आशाताईंना कळवा, रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावा, सरकारी रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांनी ‘आईला बाळ वेगळे वाटते’ हे केसपेपरवर लिहून घ्यावे.