शिस्त तुमची, राबणं आमचं

मुलांना वळण लागायचं तर घराला दिनक्रम हवा, याबद्दल माझं कोणाशी भांडण नाही. वेळेवर झोप, वेळेवर जेवण, संध्याकाळी थोडं मैदान, रात्री एखादी गोष्ट, एवढं मिळालेलं मूल कमी किरकिरतं, हे पाळणाघर चालवणारी कोणतीही काकू सांगेल. माझं भांडण आहे ते दिनक्रमावर प्रवचनं झोडणाऱ्यांशी. घरातला दिनक्रम आपोआप चालत नाही, तो कोणीतरी चालवतं, आणि चालवणाऱ्याचा अख्खा दिवस त्यात खर्ची पडतो. हे ही मंडळी सोयीस्करपणे गिळून टाकतात.

मुलीच्या शाळेत मध्यंतरी ‘सुजाण पालकत्वा’वर व्याख्यान होतं. कामाच्या दिवशी, संध्याकाळी साडेसातला. समोर बहुतेक आयाच. बाबा लोक अजून कुर्ल्याच्या पुढेमागे कुठेतरी लोकलला लटकलेले. वक्ते पडद्यावर रंगीत तक्ते दाखवत सांगत होते, ‘आमच्याकडे साडेआठला दिवे बंद म्हणजे बंद. तिथे तडजोड नाही.’ मी विचारलं, ‘सर, आत्ता आठ वाजून गेलेत आणि तुम्ही इथे आहात. मग आज दिवे कोण बंद करणार?’ सर प्रसन्न हसले. ‘आमची मिसेस बघते ना सगळं. ती फार शिस्तीची आहे.’ यावर टाळ्या पडल्या. कशासाठी पडल्या ते मला अजून कळलेलं नाही. मानधनाचं पाकीट मात्र सरांनीच घेतलं.

त्या तक्त्यातला हिशेब जरा मांडून बघू या. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ९ ते १२ तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांची संघटना सांगते आणि आपले बालरोगतज्ज्ञही साधारण तेच सांगतात. शाळा सकाळी सातची. बस सहा वीसला कोपऱ्यावर येते आणि अर्धं मिनिट थांबते. म्हणजे मूल साडेपाचला उठायला हवं. नऊ तास मागे मोजले की रात्रीचे साडेआठ होतात, आणि हे कमीत कमी. आता दुसऱ्या बाजूने मोजा. फोर्टातलं ऑफिस सहाला सुटलं, साहेबांनी जाता जाता ‘एकच मिनिट’ म्हणून अडवलं नाही आणि डोंबिवली फास्टमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली, तर माणूस पावणेआठला घरात येतो. पाळणाघरातून धाकट्याला उचलायचं, कुकर लावायचा, गृहपाठ, जेवण, दप्तर, गणवेशाला इस्त्री. हे सगळं पंचेचाळीस मिनिटांत. आणि वर ‘मुलांशी दर्जेदार संवाद’ साधायचा आहे. तक्ता बनवणाऱ्याने डोंबिवली कधी पाहिलेली नाही, एवढाच याचा अर्थ.

याची दखल सरकारने घेतली नाही असं नाही. मुलांची झोप होत नाही, शाळेच्या वेळा बदला, असं तेव्हाचे राज्यपाल डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर बोलले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. आपल्याकडे मुलांच्या बाजूने निघालेला इतका सरळ आदेश विरळाच. मग काय झालं? दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी वर्गखोल्यांचं गाऱ्हाणं मांडलं. बसवाल्यांनी रहदारीचं मांडलं. आणि विरोध करणाऱ्यांत पालकही होते. नऊला शाळा भरली तर आठच्या लोकलला निघालेल्या आईबापांनी मुलाला मधल्या वेळात ठेवायचं कुठे? त्या पालकांना मी दोष देणार नाही. मुलाच्या झोपेपेक्षा मस्टर महत्त्वाचं, हे त्यांनी ठरवलेलं नाही. ते त्यांच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेलं आहे.

ज्यांनी ठरवलं त्यांचीही चौकशी करू. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे, त्यात दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ती दहा करायला मंजुरी दिली. वाढीव तास उद्योगाला हवा आहे, ठीक. पण तो कोणाच्या दिवसातून काढणार? जेवणातून, गोष्टीतून की झोपेतून? याचं उत्तर कोणत्याच मसुद्यात नसतं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा मिळाली. दोन वर्षांचं पोर काखेत घेऊन सकाळच्या फास्टमध्ये शिरण्याची युक्ती कायद्याने दिलेली नाही, ते असो. पण त्या चार फेऱ्या आईच्याच नावावर आहेत. बापाने एक तरी फेरी मारावी असं कायदा करणाऱ्यांना स्वप्नातही सुचलं नाही. केंद्र सरकारी बापाला मूल झाल्यावर पंधरा दिवस रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही; मिळाली तर ती कंपनीची कृपा.

शाळाही मागे नाही. दिनक्रमाचं व्याख्यान ठेवणारी हीच शाळा रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकते, ‘उद्या फुलपाखरू दिवस. पालकांनी मुलांना पिवळ्या कपड्यांत, क्रेप पेपरचे पंख लावून पाठवावे.’ त्यावर तीसेक आयांचे अंगठे उमटतात. त्यातली एकही विचारत नाही की बाई, हे तुम्हाला नऊ वाजता कळलं की सोमवारी? मग झोपेची वेळ झालेल्या मुलीला मांडीवर घेऊन आई शेजारणीला फोन करते, बाबा खाली स्टेशनरीचं दुकान उघडं आहे का बघायला जातात आणि ते बंद असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगणाऱ्या फुलपाखरांना बाई सांगतात, लवकर निजे लवकर उठे.

आता जुन्या लोकांकडे वळते, कारण ते केव्हापासून घसा खाकरून बसलेत. ‘आमच्या वेळी दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोति, मग पर्वचा. पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ. आठला पानं मांडली जायची, नऊला घर चिडीचूप.’ असेल. खोटं कशाला म्हणू? पण त्या घरात हात किती होते, तेही मोजा. आजी, दोन काकू आणि कोपऱ्यातल्या खोलीत राहणारी, बालपणीच विधवा झालेली एखादी आत्या. चारला उठून विहिरीवरून पाणी आणणारी, बंब पेटवणारी, सगळ्यांची पोरं न्हाऊमाखू घालणारी, सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवणारी. तिला पगार नव्हता, रजा नव्हती, घर सोडून जायला दुसरं घर नव्हतं. आजोबांची शिस्त म्हणून जी गोष्ट आजही कौतुकाने सांगितली जाते, ती आत्याच्या पाठीवर उभी होती. कुटुंबाच्या फोटोत आजोबा मधोमध खुर्चीत बसलेले असतात. आत्या फोटोत नसते. फोटोच्या वेळी ती चुलीपाशी होती.

आणि ही खोड आजोबांपासूनची नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय ‘दिनचर्या’ या नावाचाच आहे. ब्राह्ममुहूर्ती उठावं, दात घासावे, तेल लावावं, व्यायाम करावा, उटणं लावावं, स्नान करावं. स्नानाचं ऊन पाणी कमरेखाली घेतलं तर बळ वाढतं, डोक्यावर घेतलं तर केसांना आणि डोळ्यांना अपाय होतो, इतका बारकावा आहे. ते पाणी तापवायला वाग्भटाच्याही आधी कोण उठलं होतं, याबद्दल ग्रंथ गप्प. आजच्या पालकत्वाच्या पुस्तकांना प्राचीन परंपरा नाही असं कोण म्हणेल?

भावनांच्या जोरावर बोलते असं वाटत असेल तर सरकारचेच आकडे घ्या. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. हे ८८ सुद्धा जे करतात त्यांचेच; हात न लावणारे या हिशेबात नाहीतच. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली म्हणून पेढे वाटायला निघावं, तोवर पुरुषांची नऊ मिनिटं कमी झालेली. मिक्सर, वॉशिंग मशीन आणि दहा मिनिटांत कोथिंबीर घरी आणून देणारं ॲप या तिघांनी मिळून काय क्रांती केली ती ही.

आणि पाहणीत मोजली जातात ती हातांची मिनिटं. डोक्यातली कोण मोजणार? शुक्रवारी पांढरे बूट, धाकट्याची लस पंधरा तारखेच्या आत, गॅसचा नंबर लावायचाय, वॉटरबॅगची रबराची रिंग हरवलीय, तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला भेट घ्यायचीय, भेंडी त्याला चालत नाही, दुधी तिला चालत नाही. हे सगळं लोकलमध्ये खांबाला धरून उभं असताना डोक्यात चालू असतं. पाहणीच्या रकान्यात त्याची नोंद ‘प्रवास’ अशी होईल. घरातल्या पुरुषाला मात्र विचारा, तो मनापासून म्हणतो, ‘तू फक्त सांगत जा, मी करतो.’ सांगत जा! म्हणजे मुकादम मीच, मजूर तो, आणि काम चुकलं तर जाब पुन्हा मुकादमाला.

फ्रिजवर लावायचे चुंबकाचे तक्ते हल्ली सगळीकडे मिळतात. ब्रश, अंघोळ, दूध, अभ्यास, खेळ, झोप, प्रत्येकापुढे हसरा चेहरा चिकटवायचा. आमच्याकडेही आहे एक, भेट आलेला. चेहरे सगळे मुलांसाठी. आईने साडेचारला उठून डबे भरले, याला चेहरा नाही. अशा तक्त्यात एक ओळ मोठ्यांचीही असती आणि तिच्यापुढे करणाऱ्याचं नाव लिहायची सोय असती, तर तो तक्ता कोणीही कोणाला भेट दिला नसता.

एक गोष्ट मात्र आपल्या आपल्यात बोलायची आहे, बायकांनी बायकांशी. आमच्यासारख्यांचा सकाळचा डाव सावरतात त्या पोळ्यांच्या मावशी. त्या सहाच्या ठोक्याला बेल वाजवतात. त्यांनाही मुलं आहेत. ती केव्हा उठतात, त्यांना कोण उठवतं, डब्यात काय नेतात, हे किती घरांत ठाऊक असतं? महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे. पण मावशी पंधरा मिनिटं उशिरा आल्या की आपल्याच तोंडून निघतं, ‘यांना वेळेचं काही नाही.’ दिनक्रमाचा अधिकार कोणाचा आणि त्यासाठी दिवस मोडायचा कोणी, हा प्रश्न नवऱ्यापाशी संपत नाही. मावशींनी सुट्टी आणि पगारवाढ मागितल्यावर आपण कशी तोंडं करतो, तिथेही तो येतो.

मग करायचं काय, असं विचारणाऱ्यांना मी दहा सूत्रं देणार नाही. सूत्रं देणारे पुष्कळ आहेत. आमच्या घरात एवढंच केलं की कामं वाटली नाहीत, अख्खी सोपवली. डबा बाबांचा म्हणजे काय? उद्या काय करायचं हे रात्री आठवणं बाबांचं. भाजी संपली हे कळणं बाबांचं. मावशींना किती पोळ्या ते सांगणं, भाजी परतणं, झाकण घट्ट लागलं का बघणं, संध्याकाळी दप्तरातून आंबलेला डबा शोधून काढून घासणं, सगळं बाबांचं. पहिल्यांदा भयंकर झालं. लागोपाठ जॅम-पोळी गेली. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, त्याला जमत नाही तर तूच का नाही करत?’ मी म्हटलं, ‘आई, मलाही जमत नव्हतं. मला कोणी सुट्टी दिली नाही.’ त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकाला फोडणी कशी जळू द्यायची नाही ते दाखवलं.

मुलं साडेआठला झोपत नाहीत. सव्वानऊ होतात, कधी साडेनऊ. शनिवार-रविवारी ती उठेपर्यंत कोणी पडदा सरकवत नाही. रोज रात्री गोष्ट होतेच असं नाही. शुभंकरोति आजीला हवं असतं, तर आजी म्हणून घेते. व्याख्यानवाल्या सरांच्या तक्त्यात आम्ही नापास आहोत आणि त्या तक्त्यात पास व्हायची मला इच्छाही नाही. पाहुणे आले की घड्याळाकडे बघून विचारतात, ‘अजून जागी?’ मी सांगते, ‘त्यांचे बाबा आत्ताच आलेत. बोलतायत.’

शाळेचा गट मी संध्याकाळी सातनंतर उघडत नाही. मागच्या आठवड्यात मुलगी हिरव्या दिवसाला निळ्या कपड्यांत गेली. डायरीत लाल शाईने शेरा आला, ‘पालकांनी लक्ष द्यावे.’ खाली पालकांची सही लागते. ती मी केली नाही. डायरी उघडून बाबांच्या ताटाशेजारी ठेवली, पेनासकट.